बशीतले एकोणीस छर्रे

गेल्या हिवाळ्यात नेनूच्या बंदुकीने एकच गोष्ट अचूक टिपली, ती म्हणजे माझ्या गच्चीवरची पाण्याची टाकी. मी बोंब मारत खाली धावले, तर हा बाबा शेताच्या दगडी बांधापलीकडून मलाच विचारतोय, "मरियाना, ससा तुझ्याकडे आला का गं?"

"आला तर! गच्चीवर चढून पाणी पीत बसलाय," मी म्हणाले.

मग त्याचा चेहरा पाहिला आणि पुढच्या शिव्या गिळल्या. तो माझ्याकडे बघत होता, पण माझ्या डाव्या खांद्याच्या जरा पलीकडे. नेनूचे डोळे चालले होते, आणि ते त्याला माझ्याआधीच ठाऊक होतं. पण कबूल करेल तर तो नेनू कसला!

त्याची बायको तेरेझ माझी मावसबहीण, आणि आमच्या घरांची भिंत एकच. त्यामुळे मी त्याला पन्नास वर्षं ओळखते. आमच्या गोझो बेटावरच्या खाणीत त्याने उभा जन्म पिवळा दगड कापला. मूलबाळ झालं नाही. देवळात उशिरा जायचा, लवकर निघायचा. माणूस तसा भांडखोर नाही, पण हट्टी असा की खेचराने शिकवणी लावावी. त्याची एकच चैन, जूनपासून डोंगरकडेला ससे मारणं. त्यासाठी आजोबांची दुनळी बंदूक होती. तिचा दस्ता कधीकाळी तडकलेला, त्यावर तांब्याची तार गुंडाळलेली. ती तार तो राखेने घासून लखलखीत ठेवायचा. लग्नातली चांदीची ताटलीही तेरेझने कधी एवढी घासली नसेल.

त्या बंदुकीचा त्यांच्या घरात एक नेम आहे. जूनअखेरच्या इम्नारियाच्या सणाला, ज्याच्याकडे बंदूक त्याने रानससा आणायचा. जेवताना दाताखाली छर्रा लागला की तो मधल्या बशीत टाकायचा, टण्ण! सशाचं मुंडकं शिकाऱ्याच्या ताटात. आणि ज्या वर्षी बशी रिकामी राहील, त्या वर्षी बंदूक घरातल्या पुढच्या हातात जायची.

नेनूच्या बापाची बशी अशीच एका वर्षी रिकामी राहिली. एकतीस वर्षांच्या नेनूने बंदूक घेतली. म्हातारा त्यानंतर डोंगराकडे फिरकला नाही. दारातल्या बाकावर बसून राहायचा. दोन हिवाळे काढले आणि गेला. नेनू त्याबद्दल कधी बोलत नसे, पण बाकावर बसतही नसे. म्हणायचा, "पाठ दुखते." पाठ कसली दुखते! त्या बाकाची त्याला भीती वाटायची.

यंदा जूनचे तीन आठवडे तो रोज पहाटे झीटाला घेऊन निघाला. झीटा म्हणजे त्याची उभ्या कानांची कुत्री, गळ्यात घंटा बांधलेली. घंटा ऐकून कुत्री कुठे आहे ते त्याला कळायचं, ससा कुठे आहे ते मात्र कळत नव्हतं. नऊ वाजता रिकामी पिशवी घेऊन यायचा आणि मला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायचा, "वारा उलटा होता."

सणाला दोन दिवस उरले तेव्हा तेरेझ माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसली. डोळे लाल.

"मरियाना, रबातच्या बाजाराला जाशील? पाळीव ससा आण. लहानातला लहान."

"आणि ती बंदूक पुन्हा त्याच्याच हातात ठेवायची? पुढच्या वर्षी टाकी नाही, मीच फुटेन!"

"काडतुसांचा डबा मी लपवीन. किल्ली हरवली म्हणेन. अगं, बंदूक भिंतीवर असू दे फक्त. मला त्याला त्या बाकावर बघवणार नाही."

मला राग आला होता. खोटं बोलायचं ते बोलायचं, वर सणाच्या जेवणात. पण बस पकडून गेले. बहिणीपुढे माझं कधी काही चाललंय का?

ससा आणला. त्या सकाळी नेनूने एक बार काढला होता, तो कुठे गेला ते देवालाच माहीत. तेरेझने त्याला सांगितलं की झीटाने मागाहून काटेरी निवडुंगातून तुझाच ससा ओढून आणला.

"लागला होता?" नेनू एकदम उभा राहिला. "कातडं कुठंय?"

"ऊन किती आहे! लगेच सोलला मी. कातडं मांजरांनी पळवलं."

तो झीटाचे कान कुरवाळत बसला. असा खूश झाला की मला तिथे उभं राहवेना.

त्याचंच एक काडतूस आम्ही चाकूने उघडलं. मोजून सहा छर्रे स्वेटरच्या सुईने मांसात दाबले. तीस पावलांवरून नेनूची बंदूक सशात पाच-सहाच सोडते, हे तेरेझला पाठ. मग ती वाइन आणायला तळघरात उतरली. मला वाटलं, एखादा तळताना निसटला, एखादा कुणी गिळला, तर? मी पाठीत आणखी पाच सारले. रात्रभर ससा लाल वाइन, लसूण आणि तमालपत्रात मुरला, रंगाने काळपट झाला. पाळीव म्हणून ओळखू येईना.

सणाच्या दुपारी आम्ही पाच जण बसलो. नेनू, तेरेझ, मी, नेनूचा धाकटा भाऊ साल्वू आणि साल्वूची मुलगी ग्राझिएला. ग्राझिएला दवाखान्यात परिचारिका. नेम धरायला तिला नेनूनेच शिकवलं, परवानाही तिच्याकडे आहे. पुढचा हात तिचाच होता. आधी सशाच्या रश्श्यातली स्पॅगेटी झाली, मग मांस आलं. बशी मधोमध.

पहिला छर्रा तेरेझला लागला. टण्ण.

"एक," नेनू म्हणाला. हसत होता.

मग मला. मग साल्वूला, लागोपाठ तीन. साल्वूचा घास लहान आणि छर्रे जास्त, हे मला तेव्हाच खटकलं. ग्राझिएला तोंडापुढे रुमाल धरायची, की टण्ण. रुमाल धरायची, की टण्ण. मी तेरेझकडे पाहिलं, तेरेझने माझ्याकडे. माझे कान तापले. म्हणजे या बाप-लेकीनेही आपापल्या घरून खिशात छर्रे आणले होते, एकमेकांना न सांगता!

नेनूला बशी नीट दिसत नव्हती. पण त्याने काटा खाली ठेवला होता, आणि तो ऐकत होता. प्रत्येक टण्णला त्याचं हसू थोडं थोडं कमी होत गेलं.

"एकोणीस," शेवटी तो म्हणाला.

साल्वूने घसा खाकरला. "जवळून मारला असशील, नेनू."

"लेका, एवढ्या जवळून मारला असता तर मुंडकंसुद्धा उरलं नसतं. खिमा आणावा लागला असता." त्याने आमच्या दिशेने एकेक करत तोंड वळवलं. "कुणीकुणी घातले?"

मी खाली बघितलं. तेरेझ रडायला लागली. तो ओरडेल असं मला वाटलं. मी तर उत्तरही तयार ठेवलं होतं, टाकीचं. पण त्याने चाचपडत भांड्यातलं मुंडकं उचललं आणि तेरेझच्या ताटात ठेवलं.

"घे. शिकार तुझी," तो म्हणाला. "माझी बशी रिकामी आहे."

मग उठून त्याने भिंतीवरची बंदूक काढली. नळ्या उघडून बोटाने आत तपासलं, आणि ती ग्राझिएलाच्या मांडीवर ठेवली. तांब्याच्या तारेवरून अंगठा एकदा फिरवला. मला भरून आलं. नेनूसाठी मी रडेन असं मला कुणी आधी सांगितलं असतं, तर मी त्याला वेड्यात काढलं असतं.

"अशीच घेतली होती मी बाबांकडून," तो म्हणाला. "दुसऱ्याच दिवशी पहाटे निघालो. ते दारात उभे होते, बूट घालून. मी त्यांना 'चला' म्हणालो नाही. मला वाटलं, आता हे सोबत कशाला."

तो दरवाजाकडे गेला. बाहेर तोच बाक. एक हात चौकटीला, एक बाकाच्या पाठीवर, असा उभा राहिला.

"काका," ग्राझिएला जागेवरूनच म्हणाली, "तो बाक नंतर गरम करा. बिळं कुठली भरलेली, कुठली रिकामी, हे मला काय कळतंय? झीटाची घंटा तुम्हाला कळते, मला नाही. पहाटे पाचला येते. बूट घालून उभे राहा."

नेनूने बाकाच्या पाठीवरचा हात काढून घेतला. मग पाठमोराच म्हणाला, "साडेचारला ये. पाचला ससे झोपायला जातात."