दोन केबीत मावलेलं काजूचं बन

"चार वाजले की टेबल मोकळं करायचं!" आमची बायको सुनंदा दारातूनच ओरडत होती. शिलाई मशीन तिनं उंबऱ्यापर्यंत आणूनही ठेवलं होतं.

रामनगरात पंपांचे स्टार्टर दुरुस्त करतोय त्याला वीस वर्षं झाली. माझ्या हाताखालून गेलेले पंप एकदम सुरू केले तर सुपा धरणाचा तळ दिसेल. पण खरा नाद वेगळाच. नखाएवढी चिप घ्यायची आणि तिच्याकडून डोंगराएवढी कोडी सोडवून घ्यायची. चिपची मेमरी दोन केबी, म्हणजे जेमतेम दोन हजार अक्षरं. आमच्याकडच्या लग्नपत्रिकेवरचे पाहुणेसुद्धा त्यात मावायचे न्हाईत.

बेंगळूरच्या मेहुण्यानं, प्रकाशनं, कोडं पाठवलं. काजूचं बन, शंभर ओळी, ओळीत शंभर झाडं. प्रत्येक झाडावर काजूंचा आकडा. वरच्या डाव्या कोपऱ्यातून निघायचं, फक्त उजवीकडं किंवा खाली जायचं आणि खालच्या उजव्या कोपऱ्यात जास्तीत जास्त काजू घेऊन पोचायचं. लॅपटॉपनं चिपला एकेक ओळ नुसती वाचून दाखवायची, हिशेब चिपनंच करायचा.

"दाजी, तुमच्या खेळण्यात हे बसणार न्हाई," तो म्हणाला.

मी टेबल पणाला लावलं. तीन दिवसांत, चारच्या आत जमलं नाही तर ते सुनंदाच्या मशीनला. तेही बायकोदेखत. प्रोग्राममधल्या चुका काढता येतात, ही काढता येत नाही.

दहा हजार झाडं, प्रत्येकाच्या आकड्याला दोन बाईट, म्हणजे दोन अक्षरांची जागा. झाले वीस हजार. घागरीत आमची अख्खी काळी नदी भरायचा प्रकार. तीन दिवस आकडे चेपले, पिळले, मावेनात.

साडेतीनला गंगाक्का आली. आठ दिवसांपूर्वी तिनं स्टार्टर दुरुस्तीला टाकला होता. तिची उन्हाळी भाताची लावणी पाण्यासाठी अडलेली. तिला टाळायला मी माझंच रडगाणं सुरू केलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं.

"सगळं शेत कशाला ध्यानात ठेवतोस रे? लावताना आम्ही मागं मागं सरकतो. आत्ता लावलेली ओळ समोर दिसली की पुढची बरोबर पडते. त्याच्या पलीकडची कोण बघतंय?"

माझ्या डोक्यात सगळ्या तालुक्याची लाईट आली. कुठल्याही झाडापाशी पोचायचं ते वरून नाहीतर डावीकडून. म्हणजे वरच्या एका ओळीतल्या प्रत्येक झाडापर्यंत जास्तीत जास्त किती काजू मिळतात, एवढा हिशेब जवळ असला की बस! शंभर झाडं, दोनशे बाईट. नवी ओळ आली की जुनीवरच लिहायची. उरलेल्या मेमरीत लग्नाचे निम्मे पाहुणे बसवता आले असते.

चारला पाच कमी असताना केबल जोडली. ओळी सरसर गेल्या. उत्तर आलं. फोनवर प्रकाशनं आपल्या आकड्याशी ताडून बघितलं, खाकरला आणि जुळतंय म्हणाला. मी अशी आरोळी ठोकली की गोव्याच्या रस्त्यावरचे ट्रक थांबले. सुनंदा मशीन परत घरात घेऊन गेली.

धडा एवढाच की जागा कमी पडली तर आधी काय विसरता येतं ते बघावं.

"अक्का, तुझ्यामुळं टेबल वाचलं," मी म्हणालो.

"वाचलं न्हवं? मग त्याच्यावर माझा स्टार्टर ठेव."