शिवलेले खिसे

माझे यजमान पुलगावच्या दारूगोळ्याच्या डेपोत कामाला होते. पेट्यांवर ब्रशनं आकडे आणि खुणा रंगवायचं काम. पगार महिन्याच्या महिन्याला हातात पडे, म्हणून शेतात राबणाऱ्या माझ्या माहेरच्या बायकांना माझा हेवा वाटे. एकोणीसशे पन्नासनंतरची ती वर्षं. सरकारी नोकरीतला जावई ही तेव्हा गावात मिरवायची गोष्ट होती.

डेपोच्या गेटवर रोज सकाळी झडती व्हायची. बिडी, आगपेटी, सुटी काडी, एवढंच काय, खिळे मारलेली चप्पलसुद्धा आत न्यायला बंदी. माणसानं हात वर करून उभं राहायचं, शिपायानं खिसे चाचपायचे, मग आत सोडायचं. आत काय भरून ठेवलंय हे सगळ्या गावाला ठाऊक होतं, त्यामुळे कुणी कुरकुर करत नसे.

एका पावसाळ्यात मला ताप आला. त्या सकाळी चूल यांनी पेटवली आणि जळलेली काडी चुकून सदऱ्याच्या खिशात टाकली. गेटवर ती सापडली. विझलेली, काळी पडलेली अर्धी काडी. शिपाई उत्तरेकडचा होता. तो हसला, काडी फेकून दिली आणि 'आगे से ध्यान रखना' एवढंच म्हणाला. संध्याकाळी यांनी मला हे सांगितलं तेव्हा मीही हसले. यांच्या तोंडावर मात्र हसू नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून ते निघताना आपले खिसे उलटे करून पाहू लागले. त्यात वावगं काहीच नव्हतं. मग मला म्हणाले, "तू पाह्य एकदा." मी पाहिलं. गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत जाऊन ते परत आले. "नीट पाह्यलं ना? शिवणीत काही राह्यलं नाई ना?" मी पुन्हा पाहिलं. माझा हात खिशातून रिकामा निघाला की त्यांचा चेहरा उजळायचा, म्हणून मीही आनंदानं पाहायची. पण तो उजेड टिकायचा नाही. पुढे तर उंबऱ्याच्या आतच मावळायला लागला.

एक दिवस मी वैतागून त्यांच्या साऱ्या सदऱ्यांचे खिसे दोऱ्यानं शिवून टाकले. म्हटलं, आता घाला काडी कुठं घालता ती. थोडे दिवस बरे गेले. मग ते कॉलरची घडी उसवून पाहू लागले, पायजम्याच्या नेफ्यात बोटं फिरवू लागले. त्यानंतर पाळी आली घरातल्या आगीची. ते कामावर निघायच्या आधी चुलीवर पाणी ओतून राख थंड करायची, असा घरचा नियम झाला. आगपेटी शेजारणीकडे ठेवायला दिली. आमची मुलगी तेव्हा चार वर्षांची होती. ती गार भाकर खाऊन खाऊन कंटाळली, आणि मी शेजारणीला रोज नवी सबब सांगून कंटाळले.

मग ते गेटपर्यंत जाऊन परत यायला लागले. आत पाऊल टाकवत नव्हतं. आज पोटात दुखतं, उद्या अंगात कसकस आहे. किती दिवस चालणार होतं ते? डेपोत कळलं असतं की या माणसाचं डोकं ठिकाणावर नाही, तर दारूगोळ्याजवळ त्याला कुणी उभं केलं असतं का? नोकरी गेली असती. पण मला धडकी भरली होती ती नोकरीसाठी नाही. ती एका गोठ्यामुळे.

माझ्या सासूबाईंचं माहेर वडनेरजवळच्या खेड्यातलं. त्यांचा एक चुलतभाऊ तरुणपणी भ्रमिष्ट झाला, तेव्हा घरच्यांनी त्याला गोठ्यात बैलांशेजारी खुंट्याला बांधला, आणि तो तिथंच म्हातारा होऊन मेला. लहानपणी सासूबाई त्याला भाकर नेऊन द्यायच्या. हे त्या मला तांदूळ निवडता निवडता सांगायच्या, कुणाच्या घरी म्हैस व्यायली हे सांगावं तितक्या सहज. त्यात क्रूरपणा आहे असं कुणालाच वाटलं नव्हतं. माणूस हरवू नये, विहिरीत पडू नये, म्हणून बांधायचा. मी सूप खाली ठेवून आत जायची आणि झोपलेल्या नवऱ्याचे पाय पाहत बसायची.

सासूबाईंनी आधी वर्ध्याहून वैद्य आणला. त्यानं नाडी पाहून वात वाढल्याचं सांगितलं आणि डोक्यावर थापायला ब्राह्मीचं तेल दिलं. तेलानं झोप लागली, पण सकाळ झाली की झडती होतीच. मग त्या म्हणाल्या, "हे बाहेरचं आहे, सूनबाई. तेलानं नाई जात. माह्या माहेरच्या भगताले दाखवू."

मी विरोध केला नाही. मला दुसरं काही सुचतही नव्हतं.

आम्ही वडनेरला पोचलो तेव्हा कापसाची वेचणी चालू होती. सासूबाईंच्या भावाच्या घरात पुढच्या खोलीत आढ्यापर्यंत कापूस भरलेला, अंगणातही एक ढीग. भरदुपारी भगत आला. त्यानं अंगणात गोवऱ्या रचून धुनी पेटवली, त्यात लोबान आणि लाल मिरच्या टाकल्या आणि यांना पुढ्यात बसवलं. सारं गाव खोकत खोकत पाहत होतं. वारा कापसाकडे वाहत होता.

हे एकदम शांत आवाजात म्हणाले, "कापूस आहे इथं. आग विझवा."

"पाह्यलं? आगीले भेते," भगत लोकांना म्हणाला. "तो नाई, त्याच्यातलं बोलून राह्यलं."

"मामा, कापूस आहे," हे पुन्हा म्हणाले.

मामा हात जोडून भगताकडे पाहत राहिले. एक ठिणगी उडाली. तेवढ्यात यांनी उठून त्या पेटत्या गोवऱ्यांवर दोन्ही तळहात दाबले. ओरडले नाहीत. हातांनीच धुनी चिरडत राहिले, विझेपर्यंत. जळक्या कातड्याचा वास मिरच्यांच्या धुरातही मला ओळखू आला. त्या अंगणात शहाणं बोलणारा तेवढा एकच माणूस होता, आणि चौघांनी धरून बांधलं ते त्यालाच. गोठ्यात नेलं. खुंटा तोच होता की दुसरा, मी विचारलं नाही.

मी चुलीजवळचा विळा उचलला आणि दोर कापला. मामा आडवे आले. "मामाजी, बाजूले व्हा," मी म्हटलं, "नाई त मी काय करीन मले माहीत नाई." सुनेच्या तोंडी असं बोलणं त्या घरानं कधी ऐकलं नव्हतं. ते बाजूला झाले. मुलीला सासूबाईंपाशी ठेवून मी हिंगणघाटहून वर्धा आणि वर्ध्याहून नागपूर अशी गाडीनं यांना वेड्यांच्या दवाखान्यात घेऊन गेले. आमच्याकडे त्या जागेला पागलखाना म्हणत. माहेरीही हे नाव कुणी मोठ्यानं घेत नसे.

उंच भिंत, भिंतीत दार, दारावर शिपाई. त्यानं आमचीही झडती घेतली, आत ब्लेड किंवा आगपेटी जाऊ नये म्हणून. हे चिंध्या बांधलेले हात वर करून उभे राहिले आणि कित्येक महिन्यांत पाहिले नव्हते इतके निवांत दिसले. ते पाहून मला जास्तच भीती वाटली. वाटलं, यांना हीच जागा आवडली तर?

आत डोकी भादरलेल्या बायका उन्हात ओळीनं बसल्या होत्या. एक बाई भिंतीशी भांडत होती. डॉक्टर थकलेले, जाड भिंगांचे. त्यांनी तळहात पाहिले आणि यांना विचारलं, "काडी राहिली खिशात, तर काय होईल असं वाटतं?"

इतक्या महिन्यांत हे कुणीच विचारलं नव्हतं. मीसुद्धा.

हे म्हणाले, "सारं गाव उडून जाईन, साहेब. माही पोरगी घरी राह्यते. मी मरायले नाई भेत. माह्या हातानं होईन, त्याले भेतो."

डॉक्टरांनी मला बाजूला बसवलं. म्हणाले, पूर्वी इथंही साखळ्या होत्या. नंतर कोठड्या आल्या, झोपेची औषधं आली, आता विजेचे झटके देतो, आणि परदेशातून एक नवी गोळीही आली आहे. हा मंत्रचळाचा प्रकार आहे, एकच शंका पुन्हापुन्हा येण्याचा. याला यातलं काय लागू पडेल, मला नक्की सांगता येत नाही. भगताला सगळं ठाऊक होतं, वैद्यालाही ठाऊक होतं. ज्याच्या भरवशावर मी विळा उगारून आले, तोच म्हणत होता की ठाऊक नाही.

झटके दिले. मी नागपुरात एका नात्यातल्या बाईकडे राहून भेटीच्या दिवशी जायची. एकदा हे माझ्याकडे बघून हसले, पण मुलीचं नाव त्यांना आठवेना. मी नाव सांगितलं. त्यांनी ते दोनदा म्हणून पाहिलं. मग माझा हात धरून दवाखान्याच्या सदऱ्याकडे नेला. "पाह्य ना एकदा." त्या सदऱ्याला खिसाच नव्हता. पोटची पोर विसरले होते, तेवढं विसरले नव्हते. मी बाहेर येऊन भिंतीला टेकून रडले.

डॉक्टरांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी झटके थांबवले. मग विचारलं, "घरी झडती कोण घेतं?"

"मी."

"किती वेळा?"

"ते म्हणतील तितक्या वेळा."

"ती बंद करा. त्यांनी हातापाया पडून सांगितलं तरी नाही घ्यायची. चूल विझवायची नाही, आगपेटी घरात ठेवायची. तुम्ही पाहून दिलंत की त्यांना वाटतं, पाहण्यासारखं काही होतं."

"आणि खरंच काडी राह्यली तर?"

"गेटवर शिपाई आहे ना? त्याचं काम त्याला करू द्या."

माझी नात आज मानसोपचाराचं शिक्षण घेते. ती म्हणते, आजी, त्या डॉक्टरनं अंदाजानं सांगितलं ते आता आमच्या पुस्तकात आहे, नावानिशी, पद्धतीनिशी. असेल. खुंट्यापासून त्या वाक्यापर्यंत यायला जगाला किती पिढ्या लागल्या कोण जाणे. आमच्या घरानं ती वाट एका वर्षात तुडवली. पण तेव्हा ते कुठल्या पुस्तकात नव्हतं. एका थकलेल्या माणसाचा तो अंदाज होता, आणि तो चुकला तर काय होईल हे पुलगावात राहणाऱ्या बाईला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

घरी आल्यावर पहिले दिवस ते विनवण्या करत, मी पदरात हात गुंडाळून उभी राहत असे. त्यांना घाम फुटायचा, मलाही. हळूहळू तो त्यांचा ओसरायला लागला. तळहात बरे झाले, भाजलेल्या हातांसाठी घेतलेली रजा संपली, आणि एका सकाळी ते कामावर निघाले. चूल पेटलेली होती. ते दारात थांबले, माझ्याकडे पाहिलं, काही न मागता निघून गेले.

थोड्या वेळानं चूल विझली, ती पुन्हा पेटवून चहा टाकायला मी कोनाड्यात हात घातला. आगपेटी नव्हती.

मी डबे पाहिले, फडताळ पाहिलं, अंथरुणं झटकली. मग त्यांच्या खुंटीवरचे सदरे एकेक करून चाचपले, शिवलेले खिसेसुद्धा उसवले. सासूबाई मुलीला घेऊन देवळात गेल्या होत्या. मी दार उघडं टाकून तशीच डेपोच्या रस्त्याला लागले. चपला घालायचंही भान नव्हतं.

गेटवर पोचले तेव्हा माणसं आत गेलेली होती. शिपाई स्टुलावर बसला होता. त्याला एक शब्द सांगितला असता तर डेपोवाल्यांनी यांना शोधून बाहेर काढलं असतं, पुन्हा कधी आत घेतलं नसतं, आणि मग सासूबाईंचं माहेर होतंच. नाही सांगितलं, तर? झडती झालेली आहे, हे मला कळत होतं. अख्खी आगपेटी शिपायाच्या हाताला लागल्याशिवाय राहत नाही, हेही कळत होतं. तरी भीती तसूभर हलत नव्हती. समोरच्या कडुनिंबाखाली मी बसून राहिले. गावातल्या कापडगिरणीचा भोंगा वाजला तेव्हा मी दोन्ही कान दाबून जमिनीवर आडवी झाले. शिपायानं येऊन विचारलं, तब्येत बरी नाही का. मी म्हटलं, ऊन लागलं.

संध्याकाळी सगळ्यांबरोबर ते बाहेर आले. बोटांना काळा रंग लागलेला.

"तू इथं काऊन?"

माझा हात आपोआप उठला आणि त्यांच्या सदऱ्याच्या शिवलेल्या खिशाकडे गेला. त्यांनी तो वाटेतच पकडला, त्या डाग पडलेल्या तळव्यात घट्ट धरला आणि सोडला नाही. लोक पाहत होते. भर रस्त्यात बायकोचा हात धरणारा माणूस तेव्हा पुलगावात दुसरा नव्हता.

"नाई," ते म्हणाले. "पाहू नको. मले माहीत आहे हे कसं राह्यते. थोडा वेळ थांब, उतरते ते."

आम्ही तसेच चालत घरी आलो. सासूबाई दारात बसल्या होत्या. मला पाहून त्या खाली मान घालून म्हणाल्या, "आगपेटी मी शेजारी देऊन आली होती, सूनबाई. मले भेव वाटलं."

हे शेजारी गेले, आगपेटी मागून आणली आणि काडी ओढून चूल पेटवली. जळलेली काडी त्यांनी चुलीत टाकली, आणि ती टाकताना मी पाहिली, तरी दिवा लावायची वेळ होईपर्यंत माझे डोळे त्यांच्या खिशावरच होते.