चाकावरच्या घराचं जोतं

हसाल तुम्ही. हसा, पण चहा आधी संपवा, नाहीतर ठसका लागेल. मी मुळात कमी बोलणारा माणूस. पण ज्या दिवशी माझं घर पाहुण्यांसकट आभाळाकडे तोंड करून उभं राहिलं, त्या दिवसाचं मी नाही सांगणार तर कोण सांगणार?

घर म्हणजे काय, ते आधी ऐका. टोकावड्याच्या अलीकडे माझी जमीन आहे. मुंबईचे कामत साहेब दर हिवाळ्यात तिथे यायचे, जीपमागे एक पांढरी डब्यासारखी गाडी ओढत. आत पलंग, ओटा, मोरी, सगळं. मला रोज हाक मारायचे, "पदू, चहा!" बोलायचे ते, ऐकायचो मी. अशी आमची दोस्ती.

पुढे साहेबांचे गुडघे गेले, गाडी माझ्याच जमिनीवर राहिली. त्याच पावसाळ्यात माझं घरही बसलं. साहेब फोनवर म्हणाले, "पदू, गाडी तिथेच आहे ना? राहा त्यात. फक्त एक लक्षात ठेव, मागचे दोन लोखंडी पाय कधी वर घेऊ नकोस."

मी "हो" म्हटलं. मनात म्हटलं, जन्मभर बैलगाडी हाकली मी. ही काय, दोन चाकांचीच गाडी! मला शिकवताय होय?

तर मी आणि नातू निलेश त्या गाडीत राहू लागलो. पोर मुरबाडला कंपनीत कामाला. आईबाप नाहीत त्याला. वाढवलं मीच. त्याला शेणव्याची एक मुलगी आवडली, मनीषा. मुलीलाही तो आवडला. पण आमच्यात पद्धत आहे, मुलीकडचे येऊन घर बघतात. आणि आमचं घर चाकावर!

माझा दोस्त बारकू मध्यस्थ होता. हा बारकू म्हणजे काय सांगू? खोटं बोलत नाही तो, खरं जरा फुगवतो. शेणव्याला सांगून आला, "पक्कं घर हाय. लाइट हाय. मोरी घरातच. जोतं असं की हत्ती बांधा!"

"बारक्या, जोतं कुठलं रे?" मी विचारलं.

"कर ना मग! तुला हात दिलेत ना देवानी?"

निलेश म्हणाला, "बाबा, खरं काय ते सांगू या." पण त्याच्या डोळ्यांत धाकधूक दिसत होती. ती बघून माझी अक्कल चरायला गेली.

मी कारवीच्या काठ्या आणल्या, गाडीच्या खालच्या बाजूने चारी अंगांनी कूड घातला, शेणामातीने लिंपला, वर गेरूचा हात दिला. चाकं गायब! लांबून बघाल तर सुरेख जोतं. फक्त मागचे ते दोन लोखंडी पाय कुडाला आडवे येत होते.

घेतले वर.

दुसऱ्या दिवशी पाहुणे आले. मुलीचा बाप, आई, काका, काकू आणि सगळ्यांच्या पुढे मुलीची आजी. म्हातारी अंगापिंडाने चांगली भक्कम. काठी टेकत आली, जोत्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. कशाला हलवली, देव जाणे.

तिने आत पाय टाकला आणि थबकली. "गो, घर हाललं का?"

"आई, तुमचे गुडघे ते," सून म्हणाली.

बारकू पुढे सरसावला. "नवीन जोतं हाय ना आजी, बसतंय अजून."

म्हातारीने काठीने भिंत ठोकली. टण्ण! "भिंत पत्र्याची?"

"वाळवी लागू नये म्हनून आतून पत्रा मारलाय," बारकू. मी पुन्हा मान हलवली!

"चूल कुठं हाय?"

झालं. ओटा मागच्या टोकाला. म्हातारी मागे गेली. तिच्यामागे सून गेली. काकू गेली. निलेश चहाचं पातेलं घेऊन तिथेच उभा होता. मला वाटलं, आता काहीतरी आपणही दाखवावं. मी पुढे होऊन ओट्यावरचा नळ सोडला.

"अगो बाय! भिंतीतून पानी!"

"काय सांगता?" म्हणत मुलीचा बाप मागे गेला. काका तर धावतच गेला. एवढ्या माणसांत जागा कुठली? मी पाहुण्यांना वाट देत दारापाशी आलो, आणि पायाखालून आवाज आला, कर्र्र्...

हा आवाज मी ओळखतो. बैलगाडीत मागे ओझं जास्त झालं की पुढचा धुरा आभाळाकडे उठतो. गाडी उलाळली म्हणतात त्याला. जन्मभर दुसऱ्यांच्या उलाळलेल्या गाड्यांना हसलो होतो मी!

पुढचं तोंड वर, मागचं बूड खाली. उशा घसरल्या, बशा घसरल्या, देवाचा फोटो घसरला, आणि सगळ्यांच्या शेवटी बारकू घसरला. सगळं मोरीच्या दारात जाऊन एकावर एक! त्या ढिगाऱ्यातून म्हातारीचा आवाज आला,

"मेल्यांनो, गाडी हाय ही! उलाळली! धुरा दाबा, धुरा!"

मी दारातून उडी मारली, पुढे धावलो आणि जीपला जोडायचा तो पुढचा दांडा, तोच हिचा धुरा, त्याला लटकलो. लटकलो म्हणजे खरंच लटकलो! माझं वजन ते केवढं? पाय जमिनीला लागेनात. लोंबकळत राहिलो वटवाघळासारखा. शेवटी बारकू कसाबसा बाहेर आला, त्याने माझे पाय धरून ओढलं, तेव्हा गाडी धाडकन खाली आली.

आणि त्या दणक्याने माझं जोतं चारी बाजूंनी पापडासारखं आडवं झालं. मधे दोन काळी चाकं!

एकेक पाहुणा खाली उतरला. कुणाला लागलं नव्हतं. निलेश सगळ्यात शेवटी आला, म्हातारीला धरून. सदरा चहाने भिजलेला. त्याचा चेहरा मला बघवेना.

मग मीच बोललो. "आजी, घर नाय माझ्याकडं. ही दोस्ताची गाडी हाय. घर पावसात बसलं, नवं बांधायला घेतलंय, ते तिकडं पायापर्यंत आलंय. खोटं मी केलं. पोर नको म्हनत होतं."

म्हातारी वाकून चाकाकडे बघत राहिली. "माझा बाप गाडीवान होता," ती म्हणाली. "टेकू काढून मागं ओझं भरनारा गाडीवान मी आज पयल्यांदा बघितला."

मग ती निलेशकडे वळली.

"पन ह्या पोरानी चहाचं पातेलं सोताच्या अंगावर घेतलं आनि मला पडू नाय दिली. भाजलं का रे?"

"नाय आजी. थोडं."

"घर बांधून होतं. असा पोरगा बांधून होत नाय." मग माझ्याकडे काठी रोखली. "पोरगी दिली. पन एक अट."

आमचा जीव टांगणीला. आता काय मागते?

"वरातीची गाडी ह्या म्हाताऱ्यानी हाकायची नाय!"

लग्न झालं. साहेब फोनवर एवढे हसले की त्यांना खोकला लागला. नव्या घराला आता फक्त छप्पर राहिलंय, तोवर आम्ही तिघंही गाडीतच. मागचे पाय खाली आहेत, आता विटासुद्धा लावल्यात. तरी म्हातारी नातीला भेटायला आली की आधी मागे जाऊन वाकून बघते, मग माझ्याकडे बघते. मला काही सांगावं लागत नाही. मी आपला चहाचा कप घेतो आणि बाहेर धुऱ्यावर जाऊन बसतो.

आत सगळे गप्पा मारतात. बारकू दारातून डोकं काढून म्हणतो,

"पद्या, जन्मभर गाडी हाकलीस, आनि म्हातारपनी ओझं म्हनून कामाला लागलास!"