डाव्या हाताची तालीम

पखवाजाच्या डाव्या अंगाला, म्हणजे धुम्याला, वाजवण्याआधी ओली कणीक थापतात आणि भजन संपलं की ती खरवडून काढतात. खरवडलेल्या कणकेचं पुढे काय करायचं, हे मात्र विनीतला कोणी सांगितलं नव्हतं. देवरुखच्या शाळेत अन्न टाकू नये एवढं पक्कं शिकवलं होतं. म्हणून रविवारच्या तालमीनंतर त्याने तो गोळा चाळीच्या जिन्यात, वरून तिसऱ्या पायरीवर, नीट ठेवून दिला. चिमण्या खातील. भोईवाड्यात शेवटची चिमणी कधी दिसली होती, हा विचार त्याच्या मनाला शिवला नाही.

चिमण्यांच्या आधी दत्ताराम परब आले.

परब एकसष्ट वर्षांचे. गिरगावातल्या एका कचेरीत लिफ्टमन म्हणून उभं आयुष्य वरखाली केलं आणि निवृत्त झाले. पण चाळीत त्यांना लिफ्टमन कोणी म्हणत नसे. ते भजनी मंडळाचे पखवाजी. पाच पायऱ्या ते एका दमात उतरले आणि उजव्या हातावर थांबले. मनगट मोडलं.

विनीत कुरियरच्या कचेरीत नोकरीला, राहायला याच चाळीत गावकऱ्यांच्या खोलीत, आणि मंडळात झांजेला. इस्पितळाच्या बाकावर त्याने सगळं कबूल केलं, चिमण्यांसकट. परबकाकांनी वेदनेतही मान वळवून त्याच्याकडे पाहिलं.

"मेल्या, कणकेवरसून घसारणारी चिमणी मी जल्मात बघूक नाय," ते म्हणाले. "तू आज बघितलंस."

प्लास्टर सहा आठवडे, पुढचं पुढे बघू, असं डॉक्टर म्हणाले. पण काकांचा हिशेब वेगळा होता. चौदा आठवड्यांवर माघी गणेशजयंती आणि त्या दिवशी डबलबारी. दोन भजनी मंडळं समोरासमोर बसणार, गाण्याला गाणं, सवालाला सवाल. समोर लालबागचे दौलतबुवा. मंडळाचे गाणारे रामदासबुवा यांनी तिसऱ्याच दिवशी डोंबिवलीच्या एका पोराला पखवाजासाठी विचारून ठेवलं. मंडळात कुठेही न लिहिलेला एक नियम होता: बारीला जो बसतो, तो पुढेही बसतो. काकांना तो चांगलाच ठाऊक होता. चाळीस वर्षांपूर्वी आधीचे पखवाजी टायफॉईडने आडवे झाले म्हणून ते स्वतः एका बारीपुरते बसले होते. आधीचे बरे झाले आणि मरेपर्यंत टाळ वाजवत राहिले.

नायगावच्या एका ट्रस्टच्या दवाखान्यात प्रिती गायकवाड फिजिओथेरपिस्ट होती. बीडीडी चाळीत वाढलेली, बोलायला तिखट. विनीत काकांना तिच्याकडे घेऊन गेला. तिने प्लास्टरकडे पाहिलंही नाही, डावा हात हातात घेतला आणि दाबून बघितला.

"उजव्याची बोटं आणि खांदा हलवत राहायचं. बाकी त्याला सुट्टी," ती म्हणाली. "मेहनत ह्याने करायची. आणि जड करायची, लुटुपुटूची नाही."

"उजवो मोडलो हा, बाय."

"दिसतंय काका. प्लास्टर काही मी पहिल्यांदा बघत नाहीये."

मग तिने समजावलं. हात दोन असले तरी हुकूम एकाच डोक्यातून सुटतो. डावा नेटाने जोर लावतो तेव्हा उजव्याकडे जाणारी वाटही जागी राहते, आणि पडून राहिलेल्या हाताचं बळ कमी झडतं. सगळं टिकत नाही, पण बरंच टिकतं. विनीतला ही थाप वाटली. काकांनी मात्र लगेच मान डोलावली. दोन हात आणि एक डोकं, ते चाळीस वर्षं दुसरं काय करत होते?

दुसऱ्या दिवसापासून तालीम सुरू झाली. कापडी पिशवीत तांदूळ भरायचा, डावा हात टेबलावर आडवा ठेवून मनगट कडेबाहेर काढायचं आणि पिशवी वर-खाली करायची. आठ वेळा, मग दम, असे चार फेरे, दिवसाआड. आठवी खेप जेमतेम निघाली पाहिजे. सहज निघाली तर तांदूळ वाढवायचा. मोजायला विनीत. त्याच्या एक-दोन-तीनने काकांचा जोर लागेना, म्हणून ते भजनी ठेक्याचे बोल म्हणू लागले. ठेक्याच्या मात्राही आठच. समेवर पिशवी अशी उचलली जाई की शेजारच्या खोलीतून दाद येई.

टवाळीही येई. प्लास्टर चुकीच्या हाताला घातलंय, असं एकाने डॉक्टरला कळवायला सांगितलं. लक्ष्मीकाकी वेगळ्याच काळजीत होत्या. पाचव्या आठवड्यात पिशवीत पाच किलो गेले तेव्हा त्या म्हणाल्या, "डब्यातला तांदूळ सगळा हातात गेला. आता दुपारी काय हात शिजवू?"

प्लास्टर निघालं त्या दिवशी कोणी हसलं नाही. आतून निघालेला हात फिकट, बारीक, कोणा दुसऱ्याचाच वाटत होता. काकांनी त्याच्यावर नुसती नजर टाकली आणि बाही खाली ओढली. टॅक्सीत विनीत पुन्हा माफी मागायला गेला, तर त्यांनी डाव्या हाताने त्याचं तोंड बंद केलं. त्या पकडीत विनीतचा जबडा दुखला.

प्रितीने आता उजव्यालाही कामाला लावलं, आधी गरम पाण्यात, मग चिंधीच्या बोळ्यावर. डाव्याला सुट्टी नाहीच. बाराव्या आठवड्यात तिने पकड मोजायचं यंत्र काढलं. या वयात, अशा मोडीनंतर, उजव्याने पंधरा किलो दाखवले तर आपण पाठ थोपटतो, असं तिने आधीच सांगून ठेवलं. काकांनी डोळे मिटून दाबलं. काटा बाविसावर गेला. तिने यंत्र हलवून बघितलं आणि पुन्हा दाबायला लावलं. पुन्हा बावीस.

"काका," ती म्हणाली, "तुमच्या डाव्याला नमस्कार सांगा."

एवढं होऊनही रामदासबुवांचा जीव थाऱ्यावर नव्हता. डोंबिवलीकर शेजारी बसेल, पहिली दोन भजनं काकांनी वाजवावीत, हात थकला की पखवाज सरकवावा, असा तोडगा त्यांनी काढला. काका हो म्हणाले. बुवांना ते हो पुरलं. विनीतला त्याचा सूर ओळखीचा वाटला. पिशवीत अर्धा किलो वाढवताना काका तसंच हो म्हणत.

जयंतीला दुपारी चारला बारी सुरू झाली. मैदान खचाखच. पहिलं भजन झालं, दुसरं झालं. डोंबिवलीकराने मांडी सावरून हात पुढे केले. काकांनी त्याच्या हातात पाण्याचा तांब्या दिला आणि तिसरं सुरू केलं.

उजवा पहिल्यासारखा नव्हता, हे विनीतला कळत होतं. थाप जरा मऊ पडत होती, बोटं एखाद्या बोलाला उशिरा येत होती. पण थांबत नव्हती. आणि डावा? तीन महिने तांदूळ उचललेला तो डावा धुम्यावर असा घुमायला लागला की पुढच्या रांगेतल्या बायांनी छातीवर हात ठेवले. दौलतबुवांनी माईकवाल्याला डाव्या बाजूचा आवाज कमी करायला खुणावलं. माईकवाल्याने हात वर करून दाखवले, डाव्या बाजूला माईक नव्हताच.

शेवटचा गजर चढला तेव्हा सगळं मैदान उभं होतं. काकांचं मनगट सुजलं होतं, कपाळ निथळत होतं, ठेका एक मात्राही ढळला नव्हता. गजर संपला आणि समोरच्या फळीतून उठून स्वतः दौलतबुवांनी येऊन त्यांचे दोन्ही हात डोळ्यांना लावले. डोंबिवलीकर पोराने पहिली शिट्टी मारली. लक्ष्मीकाकी रडत होत्या आणि शेजारणीला सांगत होत्या की घामच आलाय.

पुढच्या बारीला कोण बसणार, हे कोणी विचारलंच नाही.

या धामधुमीत एक गोष्ट मात्र राहून गेली. सेतूवरून लंकेत पहिलं पाऊल कोणाचं पडलं, असा सवाल दौलतबुवांनी मध्येच टाकला होता, आणि त्याचं उत्तर गाऊन द्यायचं रामदासबुवा साफ विसरले. आता महिना झाला. लालबागहून दर आठवड्याला निरोप येतो. बुवा पोथ्या चाळतायत, आणि उत्तर अजून द्यायचंच आहे.