शुभेच्छांना मनाई

सारी नोकरी न्यायालयाच्या दप्तरात गेल्यामुळे माझे एक मत पक्के झाले, आणि ते आजही बदललेले नाही: विधान करणाऱ्याने विधानाची जबाबदारी घेतली पाहिजे. माझ्या मेहुण्याचे पत्र 'इकडील सर्व खुशाल' या शब्दांनी सुरू होई आणि चौथ्या ओळीत बैल मेल्याची बातमी असे. मी त्याला उलट टपाली लिहिले की पहिली ओळ आणि चौथी ओळ परस्परविरोधी आहेत, तरी कोणती कायम ठेवायची ते कळवावे. त्याने कळवले नाही. पुढची दोन वर्षे पत्रच पाठवले नाही.

अशा माणसाच्या घरात दुखणे आले म्हणजे काय होते, ते मला सांगायचे आहे.

ऐंशी साल उलटून दोन-तीन वर्षे झाली होती. आम्ही सिंदी मेघेला लहानसे घर बांधून राहत होतो. मुलगी लग्न होऊन दूर गेलेली. घरात आम्ही दोघेच. त्या वर्षी दिवाळीनंतर पत्नीच्या पायांवर सूज आली, दम लागू लागला. डॉक्टरांनी तपासून आम्हा दोघांसमोर स्पष्ट सांगितले की हृदय मोठे झाले आहे, औषधाने दिवस वाढतील, दुखणे जाणार नाही. उन्हाळ्यापर्यंतचे आम्ही पाहू, त्यापुढचे सांगता येत नाही. त्या डॉक्टरांविषयी मला अजून आदर आहे. ते सोडले तर त्या हिवाळ्यात खरे बोलणारा माणूस माझ्या घरात आला नाही.

लोक मात्र रोज येत. आजाऱ्याला भेटायला जाणे हे आमच्याकडे कर्तव्य समजतात, आणि तिथे काय बोलायचे तेही ठरलेले असते. तळेगावहून तिचा चुलतभाऊ आला. बशीत चहा ओतत म्हणाला, "काई नाई होत व बाई. उन्हायात तू वावरात फिरून राह्यली अशीन, पाह्यजो."

मी विचारले, "हे आपण कशाच्या आधारे सांगता? डॉक्टरांचा अहवाल वाचला आहे?"

"आता भाऊ, अहवाल कायचा? असं म्हना लागते."

"कोणत्या नियमाने?"

त्याने उरलेला चहा एका घोटात संपवला आणि टोपी घालून निघून गेला. पत्नीने डोळे मिटून घेतले. ती थकली आहे असे मी समजलो.

कळस झाला तो एका लांबच्या आत्याबाईंनी. स्वयंपाकघरात उभ्या राहून, आतल्या खाटेपर्यंत स्पष्ट ऐकू जाईल अशा आवाजात त्या मला म्हणाल्या, "नशीब काढलं जी पोरीनं. सवाशीण जाईन." नवऱ्याआधी मरणे हे भाग्य, आणि ते तिला लाभते आहे म्हणून अभिनंदन! त्या गेल्या आणि मी दौत-टाक काढले. जाड पुठ्ठ्यावर सुवाच्य अक्षरात मसुदा उतरवला आणि फाटकाच्या बाहेरच्या अंगाला तारेने घट्ट बांधला:

'भेटीस येणाऱ्यांस सूचना. एक: रुग्णास बरे व्हाल, काही होत नाही, देव पाहतो आहे, या अर्थाची वाक्ये बोलू नयेत. दोन: कोणत्याही प्रकारची शुभेच्छा, आशीर्वाद अथवा गोड बोलणे येथे वर्ज्य आहे. तीन: प्रकृतीविषयीची माहिती घरमालकाकडे मिळेल.'

खाली सही केली. पत्नीला सांगितले नाही. तिला विश्रांती मिळावी हाच हेतू होता.

परिणाम ताबडतोब झाला. आठवडाभरात वर्दळ थांबली. फक्त दप्तरातला माझा जुना सहकारी, बोरगाव मेघेहून सायकलने येणारा, दर रविवारी येत राहिला. तो बौद्ध, पत्नीला दारातूनच मोठ्याने "जय भीम वहिनी" म्हणे आणि तीही तितक्याच मोठ्याने उत्तर देई. फाटकावरचा पुठ्ठा त्याने पहिल्या खेपेला दोनदा वाचला.

"मसुदा पक्का आहे," तो म्हणाला. "अपील कुठं करायचं ते राहून गेलं."

"अपिलाची तरतूद नाही."

त्याने सायकल फाटकाला टेकवून ठेवली. "आमच्याकडं घरी कोणी आजारी असलं, की लोक जमतात, मंगल होवो म्हणतात. झालं का मंगल, याचा अहवाल कोणी मागत नाई भाऊ."

मी म्हणालो की तोच दोष आहे. तो आत गेला, कलमांचे तंतोतंत पालन करून पत्नीला एका साहेबाची गोष्ट सांगितली आणि तिला हसवून परत गेला. यावरून शुभेच्छांवाचून भेट होऊ शकते, हे माझ्या दृष्टीने सिद्ध झाले.

मग संक्रांत आली. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत आमच्याकडच्या सवाशिणी एकमेकींच्या घरी हळदीकुंकवाला जातात आणि वाण लुटतात. म्हणजे प्रत्येक घरची बाई येणाऱ्या प्रत्येकीच्या हाती काहीतरी लहानशी उपयोगाची वस्तू ठेवते. हे तिचे शेवटचे हळदीकुंकू आहे, हे आम्ही दोघे जाणत होतो आणि दोघेही बोललो नव्हतो. तिने बाजारातून मला चहाच्या एकवीस गाळण्या आणायला लावल्या. संक्रांतीच्या दुपारी हिरवे लुगडे नेसली. त्याला अर्धा तास लागला, कारण दोनदा खाली बसावे लागले. मग पुढच्या खोलीत खाटेवर उशांना टेकून, शेजारी तिळगुळाचे ताट, हळदीकुंकवाचा करंडा आणि गाळण्यांचा ढीग घेऊन ती वाट पाहू लागली.

स्वयंपाकघराच्या खिडकीतून मला रस्ता दिसत होता. बायका घोळक्याने येत, फाटकाशी थांबत. एक वाचे, बाकीच्या ऐकत. मग पदर तोंडाला लावून आपसांत काही बोलत आणि पुढच्या घरी वळत.

"आल्या वाट्टे," आतून पत्नी म्हणे. बांगड्यांचा आवाज तिला ऐकू जात होता. असे तीनदा झाले. चौथ्यांदा ती काही म्हणाली नाही.

दिवे लावायच्या वेळेला तिने मला हाक मारली. "अवो, मी मेली असं तर कोनं सांगितलं नाई ना लोकायले?"

मी तडक फाटकाबाहेर गेलो. समोरच्या घरची बाई, जी पत्नीला वीस वर्षांपासून 'बाई' म्हणून थोरल्या बहिणीचा मान देत होती, ताट घेऊन घराकडे परतत होती. मी तिला रस्त्यातच अडवले आणि तुम्ही आमच्याकडे का आला नाहीत, असे विचारले. माझा स्वर चढलेला होता, हे कबूल करतो.

तिचा स्वर माझ्याहून चढला. "भाऊजी, तुमीच तं लिवून ठेवलं, गोड बोलनं मना आहे म्हून! मंग तिळगूळ देतानी काय म्हनाव आमी? घ्या, अन् कडू बोला?"

"संक्रांतीचा अपवाद अध्याहृत आहे."

"तसं कुठं लिवलं आहे?"

तसे कुठे लिहिलेले नव्हते. तीस वर्षांच्या नोकरीत मी वकिलांच्या मसुद्यांतल्या अशा फटी दाखवून त्यांना खजील केले होते. मी तार सोडवली आणि पुठ्ठा घेऊन आत आलो.

पत्नीने तो मला मोठ्याने वाचायला लावला. पहिल्या कलमाला ती हसली, दुसऱ्याला इतकी हसली की दम लागला आणि मला तिची पाठ चोळावी लागली.

"डाक्टरनं सांगितलं तवा मी बी तितंच होती ना जी," ती म्हणाली. "ते खोटं बोलतेत हे मले मालूम आहे. त्यायले बी मालूम आहे. पन ते बोलाच्या निमतानं अर्धा घंटा बसतेत. तुमाले राग येते, तो तुमचा. लोकं माह्यासाठी येत होते."

मी दौत-टाक काढले. सूचना मागे घेतल्याचे पत्र घरोघर पाठवावे, असा विचार होता.

"कागद नको," ती म्हणाली. "दारोदार जा, न् तोंडानं बोलवा. सप्तमीले अजून दिस आहेत."

मी गेलो. मला कोणापुढे तोंडी विनंती करण्याची सवय नव्हती. जे मागायचे ते अर्जाने, दोन प्रतींत, पोचपावतीसह मागत आलो होतो. त्या दोन दिवसांत प्रत्येक उंबऱ्यावर मला माझा पुठ्ठा आठवून हसणारी माणसे भेटली आणि मी ते सोसले. सगळ्यांत शेवटी समोरच्या घरी गेलो. तिने चहा दिला, आणि उभ्या उभ्याच विचारले, "मंग भाऊजी, बाईले बरी होशीन म्हनाव का नाई? आताच सांगून टाका."

ती टोमणा मारत नव्हती. तिला खरोखर जाणून घ्यायचे होते.

"म्हणा," मी म्हणालो.

रथसप्तमीच्या आदल्या दिवशी सतरा जणी आल्या. पुरुषाने तिथे थांबायचे नसते, म्हणून मी मागच्या ओट्यावर बसलो. भिंतीपलीकडचे प्रत्येक वाक्य ऐकू येत होते. एक म्हणाली, "चैतात आमच्या संगं देवीले येजो व." पत्नी म्हणाली, "येईन ना. मले गाडीत जागा ठेवजा." आणि मग मी असे काही ऐकले, ज्याचा मी कधी विचार केला नव्हता. कोणाचा मुलगा शिकून घरी बसलेला होता, तिला पत्नी म्हणाली, "लागते नोकरी तुह्या पोराले, पाह्यजो." कोणाच्या सुनेला दिवस गेलेले, "सुखानं मोकळी होईन." समोरचीला म्हणाली, "तुहे गुडघे उन्हायात मोकळे होतेत व." दमलेल्या आवाजात, मध्येमध्ये श्वास घेत, ती प्रत्येकीला कुंकू लावत होती, हातावर गाळणी ठेवत होती आणि कसल्याही पुराव्याशिवाय काहीतरी चांगले सांगत होती. मी ती मनाई तिच्या रक्षणासाठी लिहिली होती. तिच्यापाशीही देण्यासारखे काही आहे, आणि मी तेही महिनाभर अडवून ठेवले आहे, हे माझ्या मसुद्यात कुठे आले नव्हते. माझा राग त्या क्षणी गेला असे लिहिले तर ते खोटे होईल. आत्याबाईंचे ते वाक्य मी आजही क्षम्य मानत नाही. पण त्या ओट्यावर मला पहिल्यांदाच कोणाला पत्र लिहावेसे वाटले नाही.

सगळ्या गेल्यावर मी आत आलो. तिच्या कपाळावर इतके कुंकू झाले होते की ते नाकावर सांडले होते. ते मी ओल्या फडक्याने पुसू लागलो.

"तुमी एक डाव बी नाई म्हटलं," ती म्हणाली.

काय ते मी विचारले नाही. फडके धुतले, पिळले, दोरीवर टाकले. परत येऊन खाटेच्या काठावर बसलो.

"मृगाच्या आधी तुला तळेगावला माहेरी नेतो," मी म्हणालो. "सकाळच्या गाडीने." डॉक्टरांनी सांगितलेली मुदत त्याआधीच संपत होती.

तिने पाय जवळ ओढून घेतले, मला टेकायला जागा केली.

"खिडकीपाशी बसवजा."

"बसवीन."

"अन् कंडक्टरसंगं भांडू नका."

"ते आश्वासन मी देऊ शकत नाही," मी म्हणालो.