टॅबपुढचा चहा

बुधवार आला की आमच्याकडे एखादा किस्सा घडतोच. मेढ्याजवळच्या वृद्धाश्रमात मी नर्स आहे. दर बुधवारी चार वाजता साताऱ्याचे डॉक्टर टॅबवर येतात आणि आमच्या आजी-आजोबांना तपासतात. म्हणजे बीपी मी बघायचं, नाडी मी धरायची आणि शाबासकी त्यांना! पण माझी तक्रार नाही. पूर्वी नुसत्या गुडघ्यासाठी जीपने साताऱ्याला न्यावं लागायचं, आणि परत येईपर्यंत कंबरही धरलेली असायची.

*

पहिल्याच बुधवारी सांगलीकडच्या पाटील आक्का टॅबसमोर बसल्या. डॉक्टर दिसताच डोक्यावर पदर घेतला आणि उठून आत गेल्या. मला वाटलं, लाजल्या. तर चहाचा कप घेऊन आल्या आणि टॅबपुढे ठेवला.

"आक्का, डॉक्टर साताऱ्यात आहेत," मी म्हटलं.

"असूं दे की. आल्या मानसाला चा न्हाई म्हनायचा व्हय?"

डॉक्टरही इरसाल. "साखर कमी घाला," म्हणाले. तेव्हापासून दर बुधवारी एक कमी साखरेचा कप टॅबपुढे गार होतो. त्याला कोणी हात लावायचा नाही, तो डॉक्टरांचा.

*

आक्कांचं बीपी मात्र उतरेना. गोळ्या बदलून झाल्या. जेवणाचं विचारलं की एकच उत्तर, "मीठ म्या कवाच सोडलंय."

एकदा डॉक्टरांना उशीर झाला. आक्का जैन, दिवस मावळायच्या आत जेवणाऱ्या. त्या ताट घेऊनच कॅमेऱ्यासमोर बसल्या. ताटात दोन पापड आणि लिंबाच्या लोणच्याच्या चार फोडी.

"आक्का, मीठ सोडलंय ना?" डॉक्टरांनी ताट बघून विचारलं.

"व्हय की. ह्ये लोनचं हाय."

लोणचं बंद झालं आणि बीपी उतरलं. श्रेय आक्का अजूनही गोळ्यांनाच देतात.

*

आमचे सुभेदार आजोबा फौजेतून रिटायर झालेले. टॅब आम्ही आक्कांच्या सोयीने बुटक्या स्टुलावर ठेवतो. सुभेदार त्याच्यासमोर तीन पावलांवर ताठ उभे राहायचे, त्यामुळे डॉक्टरांना कंबरेखालचेच सुभेदार दिसायचे. पँटची इस्त्री आणि चकचकीत काळे बूट. ते बूट खास बुधवारचे, एरवी पायात स्लिपर.

"बसा ना आजोबा."

"साहेबासमोर बसायचं नसतंय."

"बरं, तब्येत कशी आहे?"

"सब ठीक है, साहेब."

डॉक्टर मला म्हणायचे, "सिस्टर, यांच्या बुटांची तब्येत मला तोंडपाठ आहे."

*

श्रावणातल्या एका बुधवारी सुभेदार उभे राहिले आणि वरून आवाज आला, "सब ठीक है, साहेब."

"सुभेदार, बूट कुठे?" डॉक्टरांनी विचारलं.

सुभेदारांनी पाय मागे घेतले. मग म्हणाले, "पॉलिश संपलं, साहेब."

"सिस्टर, त्यांची पँट जरा वर घ्या."

पाय टम्म सुजले होते. मी अंगठ्याने दाबलं तर खड्डा तसाच राहिला. डॉक्टरांनी खोदून विचारलं तेव्हा कळलं, तीन रात्री हे उशी टेकवून बसून झोपत होते, आडवं झालं की दम लागायचा. मी रोज त्यांच्याशी बोलत होते आणि मला पत्ता नव्हता. मला माझीच लाज वाटली. ॲम्ब्युलन्स आली, हृदयाचं दुखणं निघालं. आठ दिवस आम्ही कोणी नीट जेवलो नाही.

औषधं लागू पडली. सुभेदार आपल्या पायांनी पायरी चढून आले तेव्हा मला इतकं हायसं वाटलं की मी भिंतीला टेकून उभी राहिले.

*

पुढच्या बुधवारी सुभेदार पुन्हा तीन पावलांवर उभे.

"आता रिपोर्ट द्या," डॉक्टर म्हणाले.

सुभेदारांनी एकदा आपल्या पायांकडे पाहिलं. मग त्यांनी खुर्ची ओढली आणि साहेबासमोर बसले.

"एक बूट बसतो, साहेब. दुसरा अजून न्हाई."

आक्का उठल्या. टॅबपुढचा कप उचलला आणि सुभेदारांच्या हातात दिला.