शिर्केकाका, डावखुरे पिचर आणि एक किल्ली

काकूंचा फोन आला तेव्हा मी शिर्केकाकांच्याच गाडीचे कागद हातात धरून उभी होते. गाडीची दर दोन वर्षांनी होणारी सक्तीची तपासणी होती आणि काकांनी आदल्या संध्याकाळी मला तीनदा बजावलं होतं, "पावणेआठला पोच. तो मागचे ब्रेक बघेल, त्याला बघू दे, मध्ये बोलू नकोस." इंगोलश्टाटच्या मोटार कारखान्यात ब्रेकची परीक्षा घेण्यात काकांचं अर्धं आयुष्य गेलं होतं, त्यामुळे स्वतःच्या गाडीची परीक्षा दुसरं कुणी घेतंय म्हटलं की ते दहावीच्या मुलाच्या बापासारखे अस्वस्थ व्हायचे. तपासनीस गाडीखाली होता. फोनवर शैलाकाकू म्हणाल्या, "मंजिरी, हे गेले गं... मी चहा देत होते... खुर्चीतच." मी फक्त "येते" म्हटलं. तेवढ्यात तपासनीस हात पुसत वर आला, "आल्लेस इन ऑर्डनुंग," सगळं ठीक आहे, म्हणाला आणि नंबरप्लेटवर पुढच्या दोन वर्षांचा गोल शिक्का चिकटवायला लागला. गाडी पास झाली होती. हे आता सांगायचं कुणाला, असा विचार आधी आला आणि मग मी रडले.

त्याला आता पाच आठवडे होतील. अविनाश शिर्के हे मूळचे सांगलीचे. तरुणपणी शिकायला अमेरिकेत गेले, तिथल्या मध्यभागातल्या एका गावात नऊ वर्षं राहिले आणि मग नोकरीसाठी जर्मनीत आले ते इथलेच झाले. अमेरिकेतून त्यांनी दोन गोष्टी आणल्या, एक पदवी आणि एक बेसबॉलचा संघ. पदवीचा त्यांना पुढे उपयोग झाला. संघाचं नाव मी इथे लिहीत नाही, कारण हरणाऱ्याचं नाव पेपरात छापू नये असं काकांचं स्पष्ट मत होतं आणि आमचा संघ बहुतेक वेळा हरायचाच. "आमचा" म्हणते आहे, पण मी पुण्याची, क्रिकेटवर वाढलेली. बारा वर्षांपूर्वी इथल्या मंडळाच्या गणपतीत मला रेशमी झब्ब्यावर निळी टोपी घातलेला एक उंच माणूस दिसला. आरती संपल्यावर तो सरळ माझ्याकडे आला आणि म्हणाला, "तुम्ही कॉलेजात बोलिंग करायचात म्हणे?" मी हो म्हटलं. "मग रविवारी संध्याकाळी सातला आमच्याकडे या. तुमचं शिक्षण अर्धवट राहिलंय."

मी गेले ती भांडायच्या तयारीनेच. पण त्या संध्याकाळी काकांनी मला स्कोअर सांगितलाच नाही, नुसता पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, बघायला लावला. "हा चेंडू बाहेर टाकतोय ते चुकून नाही. समोरच्याला बाहेर बघायची सवय लावतोय. आता पुढचा आत येईल बघ." पुढचा आत आला आणि बॅटर बघतच राहिला. मी पाच वर्षं कॉलेजच्या मैदानावर धावत येऊन चेंडू टाकले, पण समोरच्याचं डोकं वाचायला मला कुणी शिकवलं नव्हतं. ते मी इंगोलश्टाटमध्ये एका सोफ्यावर बसून शिकले आणि तिथून अहोजाहो संपलं.

मग जुलै आला आणि मला ड्राफ्ट कळला. दर जुलैत अमेरिकेतले मोठे संघ शाळाकॉलेजांतली हौशी मुलं आळीपाळीने निवडतात आणि जे संघ जास्त हरलेत त्यांचा नंबर साधारण आधी लागतो. काका या एका नियमावर फिदा होते. "हरणाऱ्याला आधी वाढतात," ते म्हणायचे, "आपल्याकडे कुठे आहे अशी पंगत?" तिथे निवड होते तेव्हा इथे सगळे झोपलेले असतात, म्हणून शिर्क्यांच्या घरी एक रिवाज पडला होता. दुसऱ्या दिवशी मी अर्ध्या दिवसाची रजा टाकायची, फोन बंद ठेवून त्यांच्याकडे जायचं आणि थालिपीठं व्हायच्या आत यादीकडे कुणी बघायचं नाही. यादी छापून वाचून दाखवायचा मान काकूंचा, कारण त्या एकट्याच तटस्थ होत्या. त्यांनी उभ्या आयुष्यात एक सामना पुरा पाहिला नव्हता. चष्मा लावून त्या गंभीरपणे वाचायच्या, "उंची सहा फूट तीन इंच, वय अठरा, डावखुरा, शिक्षण चालू," आणि मग वर बघून, "घरचं काही दिलेलं नाही हो यात." वधूवर सूचक मंडळात त्यांना कुणीही ताबडतोब घेतलं असतं.

यादी वाचून झाली की काकांची मुलगी रेवा हिच्या शाळेतली एक चौकटीची वही निघायची. आमच्या संघाने सगळ्यात आधी घेतलेल्या मुलाबद्दल दोघांनी एकेक ओळ लिहायची: खालच्या संघांत तयार होऊन वरच्या संघात येणार की नाही आणि येणार तर किती वर्षांनी. लिहिलेलं खोडायचं नाही. मला कॉलेजातून तयार होऊन आलेला बॅटर हवा असायचा. काकांना शाळेतला, शक्यतो डावखुरा, पिचर. "अगं, हात अजून वाढतोय त्याचा. थांबायला लागतं." मी म्हणायचे, थांबून थांबून त्याचं कोपर जातं, काका. आणि खरंच जायचं. वहीत माझं पारडं नेहमी जड होतं आणि मी ते त्यांना ऐकवायला कधी कमी केलं नाही. त्यांना त्याचं काही वाटायचं नाही. पुढच्या जुलैत ते पुन्हा कुठल्यातरी अठरा वर्षांच्या मुलापुढे लिहायचे, "येणार. पाच वर्षं."

आमचं खरं भांडण मात्र वेगळ्याच गोष्टीवरून असायचं. पिचर दमायला लागला की त्याला कधी काढायचं? मी आकड्यांच्या बाजूची. तेच बॅटर तिसऱ्यांदा समोर आले की ते त्याला ओळखून असतात, तेव्हा मार बसायच्या आधीच काढावा. काका चिडायचे. "भरल्या ताटावरून उठवताय त्याला. हात चाललाय ना अजून?" मॅनेजर पिचरला काढतो त्याची एक रीत आहे. तो सावकाश चालत मधल्या उंचवट्यापर्यंत जातो आणि काही न बोलता हात पुढे करतो. पिचरने चेंडू त्या हातात ठेवायचा आणि निघायचं. काकांचं म्हणणं, मॅनेजरने घाई करू नये हे खरं, पण एकदा हात पुढे आला की वाद नाही. "चेंडू देताना ज्याने खळखळ केली तो माझ्या नजरेतून उतरला." हे वाक्य मी त्यांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलं होतं की मला त्याचं ओझं वाटेल असं कधी वाटलं नव्हतं.

दोन वर्षांपूर्वीच्या शरद ऋतूत ते वाटायला लागलं. काका दर शनिवारी गाडीने म्युनिकला जाऊन चार घरांचं भारतीय वाणसामान आणायचे आणि गुरुवारी माझ्या नऊ वर्षांच्या ईराला पियानोच्या क्लासवरून घरी सोडायचे. आधी त्यांच्या गॅरेजच्या खांबावर गाडीचा रंग दिसला. मग एका शनिवारी गाडीचा उजवा आरसाच नव्हता आणि तो कुठे गेला हे त्यांना सांगता येईना. रेवा हायडेलबर्गला असते. ती फोनवर जर्मनमधून स्पष्ट बोलली, तर त्यांनी फोन ठेवून दिला. इथे वय झालं म्हणून कुणी लायसन्स काढून घेत नाही, ते माणसाने स्वतःच ठरवायचं असतं. शेवटी काकू माझ्याकडे आल्या. "माझं ऐकायचे नाहीत. तुझं ऐकतील. तू सांग."

मी दोन आठवडे सांगितलं नाही. त्यात एका गुरुवारी ईरा घरी आली आणि बूट काढता काढता म्हणाली, "आजोबा इस्ट बाय रोट गेफारेन." लाल सिग्नल होता आणि आजोबा गेले. त्या दिवसापासून मी ईराला आणायला स्वतः जायला लागले आणि काकांना दर वेळी नवी थाप मारली. काकांना मात्र मी तशीच गाडी चालवू दिली. माझी मुलगी त्या गाडीत नको, पण बाकीच्यांच्या मुली रस्त्यावर असल्या तर चालतील... हे माझं मलाच कळलं तेव्हा मला माझी लाज वाटली. दुसऱ्यांच्या पिचरना लवकर काढा म्हणून दहा वर्षं तावातावाने सांगणारी मी, माझ्यावर वेळ आली तर शेपूट घालून बसले होते.

त्या शनिवारी सकाळी मी मुद्दे पाठ करून गेले. काका निघायच्या बेतात होते, अंगात जाकीट, डोक्यावर टोपी, एका हातात कापडी पिशव्या आणि दुसऱ्यात किल्ली. त्या किल्लीला लाल टाके घातलेला सुपारीएवढा चामड्याचा चेंडू होता, अमेरिकेतला, अंगठ्याने झिजून काळा पडलेला. मी फाटक उघडलं आणि पाठ केलेलं सगळं विसरले. मग मी सावकाश, खाली बघत त्यांच्यापर्यंत चालत गेले आणि हात पुढे केला.

काकांना लगेच कळलं. ते माझ्या हाताकडे बघत राहिले. मागे दारात काकू उभ्या होत्या.

"किती चेंडू झाले माझे?" त्यांनी विचारलं.

"पुष्कळ झाले, काका."

त्यांनी पिशव्या खाली ठेवल्या आणि किल्ली माझ्या तळहातावर ठेवली. टाकली नाही, ठेवली. टोपीला हात लावला आणि घरात गेले. मैदानावर अशा वेळी लोक उभे राहून टाळ्या वाजवतात. आम्ही दोघी बायका त्या पिशव्यांकडे बघत उभ्या राहिलो.

तीन आठवडे त्यांचा फोन नाही. माझी खात्री होती की मी रस्त्यावरची माणसं वाचवली आणि माझा माणूस घालवला. मग एका संध्याकाळी फोन वाजला. नमस्कार नाही, काही नाही. "अजून एक बॅटर द्यायला हवा होतास मला."

"नाही, काका."

मग म्हणाले, "गेनाऊ. बरोबर आहे. शनिवारी नऊला ये, म्युनिकला जायचंय. चालव तू."

त्यानंतरची दीड वर्षं म्हणजे आमच्या मैत्रीचा सगळ्यात चांगला काळ. गाडी त्यांची, किल्ली माझ्याकडे, आणि शेजारच्या सीटवर बसून माझ्या प्रत्येक ब्रेकवर टीका करणारे काका. म्युनिकला जाऊन येईपर्यंत आम्ही संघाची अख्खी पिचिंग नीट लावून द्यायचो. संघ आमचं ऐकत नव्हता हा त्याचा दोष. या वसंतात काकांचं हृदय थकायला लागलं, डॉक्टरांनी फारसं काही लपवलं नाही आणि काकांनीही काही विचारायचं बाकी ठेवलं नाही. तरी जुलैत यादी छापली गेली, थालिपीठं झाली. आमच्या संघाने सतरा वर्षांचा एक डावखुरा पिचर घेतला होता. काकूंनी त्याची उंची वाचली आणि काकांनी वही ओढली. अक्षर वाकडं आलं, पण वाचता येत होतं: "येणार. सात वर्षं."

मी मनातल्या मनात वर्षं मोजली. त्यांना ते दिसलंच.

"मी बघणार असं कुठे लिहिलंय?" काका म्हणाले. "तो येणार एवढंच लिहिलंय."

मी माझ्या ओळीत, बारा वर्षांत पहिल्यांदा, त्यांच्याच मुलापुढे "येणार" लिहिलं. काकांनी ते वाचलं आणि मला झापलं. दया म्हणून लिहिलेलं वहीत चालत नाही, म्हणाले. मी दया म्हणून लिहिलं नव्हतं. त्या मुलाचा चेंडू शेवटच्या क्षणी वळतो, मी पाहिलंय.

काकांचे दिवस झाल्यावर परवा मी गाडी परत द्यायला गेले. खरं सांगायचं तर परत द्यायची नव्हती. रेवाला गाडी नको होती, काकू काय करणार तिचं, आणि तो चामड्याचा चेंडू अंगठ्याखाली आला की काका शेजारी बसलेत असं मला वाटायचं. मीच ठेवते, म्हणून सांगायचं ठरवून मी फाटक उघडलं. समोर काकू उभ्या होत्या. साडी नाही, पँट, सपाट बूट आणि पायऱ्यांवर कापडी पिशव्या. अडुसष्ट वर्षांच्या शैलाकाकूंकडे तीस वर्षांचं लायसन्स आहे हे मला माहीत होतं. ते त्यांनी कधी वापरलं नाही, कारण घरात गाडी काका चालवायचे. काका गेल्यापासून त्या मंगळवारी आणि शुक्रवारी फारश्यूलमध्ये, म्हणजे गाडी शिकवतात तिथे, जात होत्या हे मात्र मला कुणी सांगितलं नव्हतं. डोळेही तपासून घेतले होते.

त्या सावकाश चालत माझ्यापर्यंत आल्या आणि काही न बोलता हात पुढे केला.

मी तयार नव्हते. माझ्याकडे म्हणायला पुष्कळ होतं, की म्युनिकचा रस्ता, की आता थंडी पडेल, की मी आहे ना... काकू हात तसाच धरून उभ्या होत्या. मी किल्ली त्यांच्या तळहातावर ठेवली आणि पलीकडे जाऊन काकांच्या सीटवर बसले. काकूंनी आपली सीट दोन खटके पुढे घेतली. पहिल्याच गोल चौकात त्या इतका वेळ थांबल्या की मागच्याने हॉर्न दिला.

"वाजवू दे त्याला," काकू म्हणाल्या, आणि रस्ता पूर्ण मोकळा झाल्यावर गाडी आत घातली.